हरिद्रा, स्नेह आणि फेस : औषधांची विद्राव्यता वाढविणाऱ्या पृष्ठसक्रिय द्रव्यांचा विचार

औषधाचे यश केवळ द्रव्याच्या गुणांवर अवलंबून नसते, ते द्रव्य कोणत्या कल्पनेतून दिले जाते यावरही अवलंबून असते, हे वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. एकच द्रव्य स्वरस, चूर्ण, क्वाथ, घृत वा अवलेह या रूपांत दिल्यास निरनिराळे कार्य करते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. या फरकामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक कारण अगदी साधे असूनही आपल्या चर्चेत क्वचितच येते. ते म्हणजे द्रव्यातील कार्यकारी अंश पाण्यात विरघळतो की नाही. आतड्याच्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचण्यास त्याला पाण्यातूनच वाट काढावी लागते. जे विरघळत नाही ते बहुतांशी आले तसे बाहेर पडते.

ही अडचण दूर करण्यासाठी आज औषधनिर्मितीत पृष्ठसक्रिय द्रव्यांचा, म्हणजे इंग्रजीत ज्यांना सरफॅक्टंट म्हणतात त्यांचा, मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो. गेल्या काही वर्षांत ती हळद, बोसवेलिया म्हणजे शल्लकी, अश्वगंधा इत्यादींच्या अर्कांतही शिरली आहेत. फार्मसीधारकांकडे अशा कच्च्या मालाचे प्रतिनिधी येतात, रुग्ण अशा कॅप्सूल स्वतःहून घेऊन येतात आणि आपण बहुतेक वेळा केवळ वनस्पतीचे नाव वाचून संमती देतो. प्रस्तुत लेखात हरिद्रा हे एकच उदाहरण घेऊन या विषयाचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक अनुभव

आरंभी स्वतःची एक चूक सांगणे उचित वाटते. माझ्याकडे संधिवातासाठी नियमित येणाऱ्या पन्नाशीच्या एका भगिनींना त्यांच्या मुलाने परदेशातून हळदीच्या कॅप्सूल पाठविल्या होत्या. बाटली माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारले, "वैद्यराज, ह्या घेऊ का? लेकानं पाठवल्यात. आपली हळदच आहे म्हणतो." मी नाव वाचले, मात्रा वरवर पाहिली आणि म्हणालो, "हळदच आहे ताई, घ्या निर्धास्त."

सुमारे अडीच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा अरुची, सर्वांगी कंडू आणि गडद मूत्र ही लक्षणे होती. नेत्र पीत झाले होते. तपासणीत बिलिरुबिन व यकृताची एन्झाइमे पुष्कळ वाढलेली आढळली. विषाणुजन्य काविळीच्या तपासण्या नकारात्मक आल्या, सोनोग्राफीत पित्ताश्मरी नव्हती. माझी औषधे व त्या कॅप्सूल असे सर्वच बंद केले आणि त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठविले. काही आठवड्यांत त्या पूर्ववत झाल्या. पुढे माझी जुनी औषधे क्रमाक्रमाने सुरू केली, ती त्यांना सोसली. कॅप्सूल पुन्हा दिल्या नाहीत व देऊन पाहण्याचे धाडसही योग्य नव्हते. त्यामुळे कारण तेच होते असे शपथेवर सांगता येणार नाही, परंतु संशयाचे बोट तिकडेच जाते.

नंतर ती बाटली मी भिंग घेऊन वाचली. घटकांच्या यादीत हळदीच्या अर्काच्या पुढे पॉलिसॉर्बेट हे नाव होते आणि दर्शनी भागावर शोषण कित्येक पटींनी वाढल्याचा दावा होता. अडीच महिन्यांपूर्वी हीच दोन वाक्ये मी वाचली असती तर "हळदच आहे" हे उत्तर दिले नसते. या लेखाचे प्रयोजन हेच आहे.

हरिद्रा पाण्यात का विरघळत नाही

हळदीच्या कंदात साधारणतः २ ते ५ टक्के कर्क्युमिनॉइड असतात व त्यांतील प्रमुख कर्क्युमिन होय. इ. स. १८१५ मध्ये फोगेल व पेलतिए यांनी हे पीत द्रव्य वेगळे केले आणि १९१० मध्ये त्याची रेणुरचना निश्चित झाली. हा रेणू मेदस्नेही आहे. अल्कोहोल व अ‍ॅसिटोन यांत तो सहज विरघळतो, तुपातेलात काही अंशी विरघळतो, परंतु आम्ल वा उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कधर्मी पाण्यात विरघळतो, पण तेथे टिकत नाही. ३७ अंश सेल्सिअस तापमानास ७.२ सामू असलेल्या फॉस्फेट द्रावणात अर्ध्या तासात त्यातील सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. जे थोडे शोषले जाते त्याचेही आतडे व यकृत यांमध्ये ग्लुकुरोनाइड व सल्फेट संयुगांत त्वरित रूपांतर होते.

म्हणजे हळदीपुढे तीन अडथळे आहेत. न विरघळणे हा पहिला, न टिकणे हा दुसरा आणि त्वरित रूपांतर होणे हा तिसरा. पृष्ठसक्रिय द्रव्यांचा मुख्य संबंध पहिल्या अडथळ्याशी व काही अंशी दुसऱ्याशी आहे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

पृष्ठसक्रिय द्रव्य म्हणजे काय

पृष्ठसक्रिय द्रव्याच्या रेणूची दोन टोके परस्परविरुद्ध स्वभावाची असतात. एक टोक पाण्याची आवड असलेले, म्हणजे जलस्नेही, व दुसरे मेदस्नेही. असे रेणू पाण्यात टाकल्यास प्रथम ते पृष्ठभागावर गोळा होतात व पाण्याचे पृष्ठताण कमी करतात. साबणाच्या वा रिठ्याच्या पाण्यास फेस येतो तो यामुळेच. शुद्ध पाण्याचे पृष्ठताण २५ अंशास सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असते. साबणाने ते निम्म्याच्याही खाली येते. परिणामी जे चूर्ण पाण्यावर कोरडेच तरंगत होते ते भिजू लागते.

प्रमाण वाढवीत गेल्यास एका ठराविक मर्यादेनंतर पृष्ठभागावर जागा उरत नाही. मग हे रेणू पाण्याच्या आत एकत्र येऊन लहान गोलक बनवितात. त्यांची मेदस्नेही टोके आत व जलस्नेही टोके बाहेर असतात. या गोलकास मिसेल म्हणतात. मॅकबेन या शास्त्रज्ञाने १९१३ साली साबणाच्या द्रावणाविषयी ही कल्पना मांडली. ज्या प्रमाणानंतर मिसेल बनू लागतात त्यास क्रांतिक मिसेल प्रमाण असे म्हणावे. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ते सुमारे ०.२३ टक्के आहे, तर पॉलिसॉर्बेट ८०, म्हणजे बाजारातील ट्वीन ८०, यासाठी त्याच्या शतांशाहूनही कमी आहे. कर्क्युमिनसारखा रेणू मिसेलच्या आतील स्निग्ध गाभ्यात आश्रय घेतो आणि अविद्राव्य द्रव्य पाण्यात विरघळल्याप्रमाणे वागू लागते. मिसेलच्या आत असताना अल्कधर्मी पाण्यापासूनही त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते.

कोणते द्रव्य कोणत्या कामास योग्य हे ठरविण्यासाठी ग्रिफिन यांनी १९४९ साली एक मोजपट्टी सुचविली, ती आजही एचएलबी या नावाने प्रचलित आहे. अंक लहान असेल तर द्रव्य स्नेहाकडे झुकलेले, मोठा असेल तर पाण्याकडे. स्पॅन ८० चा अंक ४.३, तर ट्वीन ८० चा १५ आहे. तेलात पाणी मिसळावयाचे असल्यास लहान अंकाची व स्निग्ध द्रव्य पाण्यात विरघळवावयाचे असल्यास मोठ्या अंकाची द्रव्ये उपयोगी पडतात.

एक सोपा प्रयोग

वैद्यबंधूंनी आपल्या दवाखान्यात करून पाहावा असा एक प्रयोग येथे देतो. चार काचेचे पेले घ्यावेत. पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात रिठ्याच्या सालीचे गाळलेले पाणी, तिसऱ्यात एक टक्का ट्वीन ८० मिसळलेले पाणी घ्यावे. या तिन्हींत प्रत्येकी १०० मिलिलिटरला १ ग्रॅम हळदीचे चूर्ण घालून अर्धा तास ढवळावे. चौथ्यात हळद न घालता केवळ रिठ्याचे पाणी ठेवावे, कारण रिठ्याला स्वतःचा रंग असतो व तुलनेसाठी तो वेगळा पाहावा लागतो. नंतर सर्व गाळणपत्रातून गाळावे.

साध्या पाण्याचा गाळ फिकट पिवळा उतरतो. ट्वीनच्या पाण्याचा गाळ स्वच्छ व गर्द पिवळा असतो. रिठ्याचा गाळ या दोहोंच्या मधला दिसतो. प्रत्येकात खाण्याच्या चुन्याची निवळी थेंब थेंब घातल्यास कर्क्युमिनच्या प्रमाणानुसार तांबूस छटा येते. हळद तीच व पाणीही तेच असूनही केवळ फेस आणणाऱ्या द्रव्याने किती अंतर पडते, ते डोळ्यांनी पाहिल्यावर निराळ्या स्पष्टीकरणाची गरज राहत नाही.

रिठ्याचा उपयोग येथे केवळ दाखल्यासाठी आहे. रिठ्यातील सॅपोनिन रक्तकणांचा नाश करणारे व आमाशयास क्षोभक आहे. शास्त्रातही त्याचा उपयोग वामक म्हणून येतो. तेव्हा पोटात देण्याच्या औषधात विद्राव्यतेसाठी रिठा घालण्याचा मोह कोणी करू नये.

शरीर आणि शास्त्र यांची योजना

वस्तुतः पृष्ठसक्रिय द्रव्ये शरीराला परकी नाहीत. यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त स्रवते. त्यातील पित्तक्षार व लेसिथिन ही उत्तम पृष्ठसक्रिय द्रव्ये आहेत. स्निग्ध आहार ग्रहणीत पोहोचताच पित्ताशय आकुंचित होते, स्नेहाचे पचन होऊन मेदाम्ले व मोनोग्लिसराइड तयार होतात आणि तीही पित्तक्षारांसह मिश्र मिसेलमध्ये सामील होतात. म्हणजे तूप हे स्वतः मिसेलचा कच्चा माल पुरविते व मिसेल बनविणाऱ्या पित्तालाही पाचारण करते. ग्रिसियोफुलविन हे बुरशीनाशक औषध स्निग्ध जेवणासोबत घेण्यास आधुनिक चिकित्सक सांगतात ते याच कारणाने.

या दृष्टीने आपल्या कल्पनांकडे पाहिले असता अनेक गोष्टींचा अर्थ लागतो. एक भाग कल्क, चार भाग स्नेह व सोळा भाग द्रव या प्रमाणातील स्नेहपाकात मेदस्नेही अंश स्नेहात उतरविला जातो. तैलपाक पूर्ण होताना फेस येतो व घृतपाक पूर्ण होताना फेस शमतो, ही परीक्षा आपल्या आचार्यांनी सांगितली आहे. फेसाचे निरीक्षण इतक्या बारकाईने करणारी परंपरा पृष्ठगुणांकडे डोळे मिटून नव्हती, एवढे तरी निश्चित. क्षीरपाकात एक भाग द्रव्य, आठ भाग दूध व बत्तीस भाग पाणी घेऊन दूध शेष ठेवतात. दुधात केसिनचे गोलक असतात, स्नेहकणांवर फॉस्फोलिपिडचे वेष्टन असते, आणि कर्क्युमिन या दोहोंना चिकटते. ब्राह्मी, मंडूकपर्णी, यष्टिमधु, शतावरी, गोक्षुर या द्रव्यांत तर सॅपोनिन वर्गातील घटक मुळातच आहेत. त्यांच्या क्वाथास फेस येतो तो त्यामुळे.

भैषज्यरत्नावलीत शीतपित्तासाठी सांगितलेला हरिद्राखंड हे याचे सुंदर उदाहरण होय. त्यात हळदीबरोबर तूप आहे, दूध आहे आणि त्रिकटूही आहे. तूप व दूध यांनी विद्राव्यतेचा अडथळा हलका होतो. त्रिकटूतील पिपरिन रूपांतराचा अडथळा कमी करते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील अटल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्रिकटूमुळे इतर औषधांची जैवउपलब्धता वाढते असे दाखविले. पुढे १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यास मनुष्यात त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे नमूद झाले. पिपरिन हे पृष्ठसक्रिय द्रव्य नव्हे. त्याचे कार्य एन्झाइमे रोखण्याचे आहे. तूप आणि मिरी या दोहोंची कामे भिन्न आहेत व पाठकर्त्याने दोन्ही एकत्र योजिली आहेत.

मात्र आपल्या पूर्वजांना मिसेल ठाऊक होते असा दावा यावरून कोणी करू नये. त्यांना परिणाम ठाऊक होता, त्याची यंत्रणा आज उलगडते आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत.

आधुनिक कल्प आणि आकड्यांचे वाचन

जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आज बाजारात सर्वाधिक सांगितला जातो. त्यात २३ निरोगी स्त्रीपुरुषांना ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड तीन रूपांत देण्यात आले. साध्या चूर्णाच्या तुलनेत सूक्ष्म केलेल्या चूर्णाने रक्तातील एकूण कर्क्युमिन ९ पट, तर ट्वीन ८० च्या मिसेलरूपाने १८५ पट झाले. प्रतिनिधी जो १८५ हा आकडा सांगतात तो येथून येतो. आकडा खरा आहे. परंतु तो वाचताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे रक्ताचा नमुना एन्झाइमची प्रक्रिया करून मोजला होता. म्हणजे त्यात मुक्त कर्क्युमिनबरोबर त्याची रूपांतरित संयुगेही मोजली गेली. शोषण वाढले हे निर्विवाद, पण मुक्त कार्यकारी अंशही १८५ पट झाला असे यावरून म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, तुलना ज्याच्याशी केली ते साधे चूर्ण जवळजवळ शोषलेच जात नाही. शून्याच्या जवळच्या संख्येशी भागाकार केल्यास उत्तर मोठेच येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या मिसेलरूपात कर्क्युमिनचे चूर्ण ७ टक्के व ट्वीन ८० हे ९३ टक्के होते. साधा हिशोब करावा. १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन चूर्णामागे सुमारे १३३० मिलिग्रॅम व ५०० मिलिग्रॅममागे सुमारे ६६४० मिलिग्रॅम ट्वीन पोटात जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्यांनी पॉलिसॉर्बेटची दैनंदिन स्वीकार्य मात्रा शरीरभाराच्या दर किलोस २५ मिलिग्रॅम मानली आहे. ६० किलो वजनाच्या मनुष्यास ती १५०० मिलिग्रॅम होते. प्रयोगात एक वेळ अधिक मात्रा देणे निराळे आणि गुडघेदुखीसाठी वर्षभर रोज देणे निराळे. अशा कॅप्सूलमध्ये औषध कोणते व वाहन कोणते, असा प्रश्न पडावा अशी ही स्थिती आहे.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. पृष्ठसक्रिय द्रव्य जितके अधिक तितके शोषण अधिक, असे नाही. प्रमाण गरजेपेक्षा वाढल्यास औषध मिसेलमध्येच अडकून राहते, मुक्त अंश कमी होतो आणि आतड्यातून पलीकडे जाणारा भाग उलट घटू शकतो. पेल्यातील द्रावण स्वच्छ दिसले म्हणजे औषध शरीरात पोहोचले, असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी बाजू

विद्राव्यता वाढविणारे द्रव्य निष्क्रिय असते हा समज किती महागात पडू शकतो, याची उदाहरणे आधुनिक वैद्यकातच आहेत. अमेरिकेत १९८३ च्या अखेरीस शिरेतून देण्याचे जीवनसत्त्व ई चे एक औषध अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी बाजारात आले. त्यात पॉलिसॉर्बेट ८० व २० होते. १९८४ च्या एप्रिलमध्ये ते मागे घेईपर्यंत ३८ अर्भकांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेले व मुख्य संशय पॉलिसॉर्बेटवर गेला. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे १९९२ पासून वापरात असलेले औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून क्रेमोफोर ईएल या द्रव्यात दिले जाते. हे द्रव्य आपल्या परिचयाच्या एरंडतेलापासूनच इथिलीन ऑक्साइडच्या प्रक्रियेने बनवितात. त्याच्या तीव्र प्रतिक्रिया टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड व अ‍ॅलर्जीविरोधी औषधे द्यावी लागतात. मूळ एरंड मृदुविरेचक व वातहर आहे म्हणून त्याचे हे रूपांतरही निरुपद्रवी असेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरे उदाहरण तर साक्षात हळदीचे आहे. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिरेतून दिलेल्या कर्क्युमिन इमल्शनमुळे झालेल्या दोन गंभीर प्रतिक्रियांचा तपास जाहीर केला. त्यांपैकी एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्या इमल्शनमध्ये एरंडतेलजन्य पीईजी ४० हे द्रव्य औषधी प्रतीचे नव्हते. ही सर्व उदाहरणे शिरामार्गाची आहेत व मुखमार्गाने तितका धोका नसतो हे खरे. परंतु मुखमार्गही सर्वथा निःशंक नाही. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात पॉलिसॉर्बेट ८० मुळे आतड्यातील जीवाणूंचा समतोल बिघडून सौम्य शोथ निर्माण झाल्याचे आढळले.

आता यकृताविषयी. २०१९ साली इटलीत हळदयुक्त पूरकांच्या सेवनानंतर तीव्र यकृतशोथाचे वीसहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तेथील आरोग्य मंत्रालयाने पित्ताशय वा यकृताचे विकार असलेल्यांनी ती घेऊ नयेत अशी सूचना वेष्टनावर अनिवार्य केली. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या जाळ्याने २०२२ मध्ये अशा १० रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा आनुवंशिक प्रकार आढळला, ३ जणांच्या उत्पादनात पिपरिन होते आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियाच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशा १८ नोंदींचा उल्लेख करून, शोषण वाढविलेल्या वा अधिक मात्रेच्या उत्पादनांत धोका अधिक असू शकतो असा इशारा दिला.

हळद कोट्यवधी लोकांच्या रोजच्या आहारात आहे. त्या मानाने या नोंदी अत्यल्प आहेत. यावरून हळद यकृतास घातक आहे असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु ज्या हळदीचा शतकानुशतकांचा अनुभव आपण सांगतो ती आमटीतील, दुधातील, लेपातील व हरिद्राखंडातील हळद होय. तिचा एक अंश वेगळा काढून, त्याचे प्रमाण ९५ टक्क्यांवर नेऊन, वर शोषण अनेक पटींनी वाढवून जे तयार होते त्यास त्या अनुभवाचे अभय आपोआप लागू होत नाही. संस्कार गुणांतर घडवितो हे आपलेच तत्त्व आहे. गुणांतर मान्य करावयाचे व मात्रांतर मान्य करावयाचे नाही, हे सुसंगत नव्हे.

फार्मसीधारकांसाठी

१. प्रत : पृष्ठसक्रिय द्रव्य औषधकोशीय प्रतीचेच घ्यावे. औद्योगिक प्रतीचे ट्वीन स्वस्त मिळते, पण त्यात इथिलीन ऑक्साइड व डायऑक्झेन यांचे अवशेष मर्यादेबाहेर असू शकतात. प्रत्येक गटाचे विश्लेषणपत्र मागावे व जपून ठेवावे.

२. कषाय द्रव्यांशी विरोध : त्रिफळा, खदिर, अर्जुन यांसारख्या टॅनिनयुक्त द्रव्यांच्या अर्कात पॉलिसॉर्बेट घातल्यास गढूळपणा, साका वा रंगबदल होतो. सिरप खराब झाले असे समजून पुन्हा गाळण्यात अर्थ नाही, कारण गाळात औषधच निघून जाते.

३. परिरक्षक : पॅराबेन वर्गातील परिरक्षके पॉलिसॉर्बेटच्या मिसेलमध्ये ओढली जातात व त्यांची जंतुरोधक शक्ती कमी होते. पूर्वीच्या पाठातील परिरक्षकाचे प्रमाण पुरेसे राहील असे गृहीत न धरता सूक्ष्मजीवपरीक्षण नव्याने करावे.

४. साठवण : पॉलिसॉर्बेट हवा व उष्णता यांच्या संपर्काने पेरॉक्साइड बनविते आणि ते औषधाचे ऑक्सिडीकरण करते. डबा उघडल्याची तारीख लिहावी व अर्धवट डबे वर्षानुवर्षे ठेवू नयेत.

५. पर्याय : लेसिथिन हे आहारातील द्रव्य असून अनेक ठिकाणी पुरेसे होते. त्याने शोषण ट्वीनइतके वाढत नसेल, परंतु प्रत्येक वेळी सर्वाधिक शोषण हेच ध्येय असावे असे नाही. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिनही पृष्ठसक्रिय आहे, तथापि दीर्घकाळ अधिक मात्रेने ते पोटॅशियम घटविते व रक्तदाब वाढविते.

६. परवाना व वेष्टन : ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त नावाने विकावयाचे तर ते पाठानुसारच हवे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६९ हा आयुर्वेदीय औषधांतील अनुज्ञेय सहायक द्रव्यांविषयी आहे, तर स्वामित्वयुक्त औषधांच्या परवान्यासाठी २०१० मध्ये आलेला नियम १५८-ब पाहावा. पृष्ठसक्रिय द्रव्य वापरले असल्यास त्याचे नाव व प्रमाण वेष्टनावर स्पष्ट द्यावे. लपविण्याजोगे काही नसेल तर लिहिण्यास संकोच नसावा.

वैद्यांसाठी

रुग्ण हळदीची किंवा अन्य अर्काची कॅप्सूल घेत असल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. चूर्ण आहे की संहत अर्क, त्यात पिपरिन आहे का, पॉलिसॉर्बेट वा तत्सम द्रव्य आहे का, आणि सोबत अन्य कोणती औषधे सुरू आहेत. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे व प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांना शोषणवर्धित कल्प स्वतःहून सुरू करू देऊ नये. यकृतविकार वा पित्ताश्मरी असलेल्यांना ते टाळावेत. अरुची, कंडू, गडद मूत्र यांपैकी काही दिसल्यास कॅप्सूल लगेच थांबवून यकृताची तपासणी करावी. साध्या चूर्णाची मात्रा अशा कल्पास लावू नये.

संशयास्पद प्रतिक्रियेची नोंद करण्यात कमीपणा नाही. आयुष औषधांच्या सुरक्षा निरीक्षणाची व्यवस्था देशात आहे व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होते ही भीती अनेकांच्या मनात असते. मीही माझ्या रुग्णेच्या बाबतीत आठवडाभर घुटमळलो, हे कबूल करावयास हवे. परंतु आपण नोंद केली नाही तर ती दुसरा कोणी करील, आणि तेव्हा त्या नोंदीत चूर्ण व संहत कल्प यांतील भेद सांगणारा वैद्य नसेल.

उपसंहार

पृष्ठसक्रिय द्रव्ये आयुर्वेदाची शत्रू नाहीत. पित्त, दूध आणि फेसाळ क्वाथ यांच्या रूपाने ती आपल्या चिकित्सेत प्रथमपासून आहेत. योग्य प्रतीची, योग्य प्रमाणात व उघडपणे वापरली तर अनेक अविद्राव्य द्रव्यांना त्यांचा लाभ होईल आणि मात्रा कमी करून खर्चही वाचविता येईल. आक्षेप आहे तो द्रव्याचे नाव जुने ठेवून त्याचे स्वरूप नकळत बदलण्याला.

त्या भगिनी अलीकडे पुन्हा आल्या होत्या. गुडघे बरे आहेत. जाताना त्यांनी विचारले, "मग आता दुधात हळद घेतली तर चालेल ना?" मी म्हणालो, "जेवणात घालता तेवढी चालेल. दूध मात्र अजून थोडे दिवस थांबून, एकदा तपासणी करून मग ठरवू." पूर्वी हे उत्तर मी इतका विचार करून दिले नसते. इत्यलम्।